चिपाडाची आणि तुसाच्या राखेची एरोजेल टाइल: लॅगिंगच्या धंद्यातून पाहिलेली

पुण्याजवळ तयार होणारी एक नवी इन्सुलेशन टाइल मी गेल्या उन्हाळ्यापासून वापरून पाहते आहे. उसाच्या चिपाडातला सेल्युलोज आणि भाताच्या तुसाच्या राखेतली सिलिका एकत्र करून बनवलेलं हे एरोजेल आहे, म्हणजे जेलमधलं पाणी काढून त्याच्या जागी हवा ठेवलेला अतिशय हलका घन पदार्थ. बनवणाऱ्यांचं नाव देत नाही, कारण युनिट छोटं आहे, माल अजून बॅचगणिक थोडा बदलतो, आणि मला जे खटकलं ते मी त्यांना समोर बसून सांगितलेलं आहे. पण उकाड्यावर उपाय शोधणाऱ्या घरांपर्यंत असला माल आता पोचू लागला आहे. तो कुठे घ्यावा आणि कुठे अजिबात घेऊ नये, एवढं सांगण्यासाठी हे लिहिते.

आमचा धंदा लॅगिंगचा, म्हणजे पाइप-बॉयलरवर उष्णता अडवणारा थर चढवण्याचा. वडिलांनी भोसरी एमआयडीसीत सुरू केला, आता मी बघते. बॉयलर, स्टीमच्या लाइनी, डेअरीतल्या गार पाण्याच्या लाइनी, ओव्हनची दारं. जिथे उष्णता आत कोंडायची किंवा बाहेर अडवायची तिथे आमची माणसं जातात. ग्लासवूल किंवा रॉकवूल, त्यावर चिकन मेश, त्यावर ॲल्युमिनियमचं क्लॅडिंग. ग्लासवूलचं काम करून आलेल्या माणसाचे कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत, हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. मनगट, मान, कोपराची आतली बाजू, सगळीकडे ती बारीक काच टोचत राहते आणि रात्री झोपू देत नाही. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे शर्ट आम्ही देतो, पण मे महिन्यात बॉयलर हाउसमध्ये ते सगळं अंगावर ठेवून माणूस किती वेळ काम करणार? म्हणून नवं इन्सुलेशन आलं की ते लावणाऱ्याच्या अंगाला काय होतं, हे मी सगळ्यात आधी बघते. उष्णता किती अडवतं ते नंतर.

टाइल आली तेव्हा आमचे जुने फोरमन, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, त्यांनी ती कुणी काही सांगायच्या आत मनगटाच्या आतल्या बाजूवर घासली. मग कटरने कोपरा कापून तो चुरगळला आणि तीच पूड दंडाला चोळली. पाच-दहा मिनिटं गप्प बसून राहिले. "ताई, हे खाजत नाही," एवढंच म्हणाले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात ग्लासवूल आणि त्याआधी ॲस्बेस्टॉसची दोरी हाताळली आहे, त्याच्या तोंडून आलेलं हे वाक्य मला कुठल्याही टेस्ट रिपोर्टपेक्षा मोठं वाटतं. पूड अंगाला थोडी कोरडी लागते, चामडी ओढल्यासारखी होते, पण पाण्याने धुतली की जाते.

सिलिकेचं नाव ऐकून काहीजण दचकतील, कारण सिलिकोसिस आपल्याकडे खाणींत आणि दगड फोडणाऱ्यांत अजूनही होतो. तो आजार स्फटिकरूपी सिलिकेच्या धुळीने होतो. एरोजेलमधली सिलिका अस्फटिक असते. तुसाची राख मात्र फार जास्त तापली तर तिच्यातली सिलिकाही स्फटिकरूप होऊ लागते, म्हणून मी युनिटवर जाऊन मुद्दाम विचारलं. त्यांनी राख कॉस्टिक सोड्यात विरघळवून आधी सोडियम सिलिकेटचं द्रावण करतो आणि त्यातून जेल धरतो, असं दाखवलं. विरघळून पुन्हा जेल झालेली सिलिका अस्फटिकच असते. माझं समाधान झालं. तरी कापताना मास्क लावायचाच. धूळ ती धूळ.

आता वस्तू. टाइल एक फूट बाय एक फूट, नेमकं बोलायचं तर ३०० बाय ३०० मिलिमीटर, जाडी १० मिलिमीटर. रंग मळकट पांढरा, उजेडात धरली तर कडेला किंचित निळसर झाक. काट्यावर ठेवली तर १०९ ग्रॅम. एवढ्याच आकाराची जिप्सम बोर्डाची फळी हातात घेतली की फरक कळतो. टाइलचा बराचसा भाग हवाच आहे, आणि सगळी करामत त्या हवेची आहे.

स्थिर हवा स्वतःच चांगली इन्सुलेटर आहे. तिची उष्णतावाहकता, आमच्या भाषेत के व्हॅल्यू, साधारण ०.०२६ वॅट प्रति मीटर केल्व्हिन. हा आकडा जितका कमी तितकं इन्सुलेशन चांगलं. ग्लासवूल, थर्माकोल हे सगळे हवेला जागच्या जागी अडकवून ठेवतात आणि ०.०३५च्या आसपास येऊन थांबतात, कारण हवेपेक्षा खाली जाणं त्यांना शक्यच नाही. एरोजेल त्या खाली जातं. नेहमीच्या दाबाला हवेचा एक रेणू दुसऱ्यावर आदळण्याआधी साधारण ७० नॅनोमीटर जातो. भोकं त्याहून लहान केली की रेणू एकमेकांवर आदळून उष्णता पुढे ढकलण्याऐवजी भोकाच्या भिंतींवरच आपटत राहतात. सिलिका एरोजेलमधली बहुतेक भोकं २ ते ५० नॅनोमीटरची असतात, म्हणून त्याची के व्हॅल्यू ०.०१५च्या घरात जाऊ शकते. नुसती सिलिका मात्र ठिसूळ, बोटाने दाबली की फुटणारी. म्हणून बाजारात ती काचेच्या किंवा पॉलिस्टरच्या तंतूंच्या मॅटमध्ये भरून ब्लँकेटच्या रूपात येते. ते ब्लँकेट आम्ही रिफायनरीच्या कामात वापरलं आहे. उष्णता उत्तम अडवतं, पण प्रत्येक हालचालीला पांढरी धूळ सोडतं, आणि काचतंतूंवालं असेल तर खाज आहेच.

वनस्पतीचे तंतू इथे कामाला येतात. सेल्युलोजचं बारीक जाळं सिलिकेच्या सांगाड्याला आतून धरून ठेवतं, त्यामुळे टाइल थोडी लवते, पटकन तडकत नाही आणि धूळ कमी सोडते. कल्पना आजची नाही. एरोजेल पहिल्यांदा केलं ते अमेरिकेतल्या सॅम्युअल किस्लर यांनी. त्यांचा लेख १९३१ साली 'नेचर'मध्ये आला, आणि त्यांनी सिलिकेबरोबर सेल्युलोज, अगार, जिलेटिन, अंड्याचा पांढरा बलक यांचीही एरोजेलं करून पाहिली होती. अलीकडे, २०१५ साली, स्वित्झर्लंडच्या एम्पा या संस्थेतल्या संशोधकांनी फळांच्या सालीतलं पेक्टिन आणि सिलिका एकत्र करून मजबूत, अगदी कमी धूळ सोडणारं एरोजेल केलं. आपल्या जवळही हे ज्ञान आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. ए. वेंकटेश्वर राव यांच्या प्रयोगशाळेत सिलिका एरोजेलवर अनेक वर्षं काम झालं, पाणी झटकून टाकणारी आणि लवचीक एरोजेलंसुद्धा तिथे बनली. पुण्याच्या आसपास कुणी हा माल विकायला काढतो तेव्हा मला म्हणूनच आश्चर्य वाटत नाही, आनंद वाटतो.

मात्र 'एरोजेल' असं पाटीवर लिहिलं म्हणजे के व्हॅल्यू कमी आलीच असं कुणी समजू नये. विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारायचा: जेल सुकवता कसं? ओलं जेल नुसतं उन्हात किंवा भट्टीत सुकवलं तर पाणी आटता आटता पृष्ठताणाने भोकांच्या भिंती एकमेकींवर ओढल्या जातात आणि सगळं आकसून खडा होतो. ते टाळायला दोन मुख्य रस्ते. एक, गोठवून निर्वातात सुकवणं. हे तुलनेने सोपं, पण बर्फाचे स्फटिक वाढताना तंतूंना बाजूला सारतात आणि भोकं मोठी, अनेकदा मायक्रोमीटरची होतात. असा माल हलका असतो, दिसायला सुंदर असतो, पण उष्णता अडवण्यात बहुतेक वेळा चांगल्या थर्माकोलच्याच पंक्तीत बसतो. दुसरा रस्ता कार्बन डायऑक्साइडचा. ३१ अंशांच्या वर आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पट दाबाच्या पुढे तो द्रवही नसतो आणि वायूही नसतो, त्यामुळे पृष्ठताण उरतच नाही आणि जाळं जसंच्या तसं सुकतं. या टाइला दुसऱ्या रस्त्याने येतात. त्यासाठी जाड पोलादाचं प्रेशर व्हेसल लागतं, आणि यांच्याकडचं व्हेसल लहान आहे. टाइल एका फुटाचीच का, याचं उत्तर तिथे आहे. आणि माझ्या बऱ्याच तक्रारींचं मूळही तिथेच आहे.

पत्रकावर के व्हॅल्यू ०.०१९ छापली आहे. कोणत्या सरासरी तापमानाला मोजली, किती आर्द्रतेत मोजली, कुणी मोजली, यातलं काही छापलेलं नाही. लॅबचा रिपोर्ट मागितला तर "काम चालू आहे" असं उत्तर आलं. हे बरोबर नाही. एवढ्या किमतीचा माल विकताना मान्यताप्राप्त लॅबचा कागद हातात हवा. मग आम्ही आमच्यापुरती पडताळणी केली. शेडमध्ये हॉट प्लेट आहे, तिच्यावर ९० अंश धरून शेजारी शेजारी तीन तुकडे ठेवले: ही १० मिलिमीटरची टाइल, २० मिलिमीटर ग्लासवूलची स्लॅब आणि १० मिलिमीटर ग्लासवूल. वरच्या बाजूला थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) चिकटवले आणि आकडे स्थिर होईपर्यंत थांबलो. टाइल आणि दुप्पट जाडीचं ग्लासवूल यांच्यात जेमतेम अंशभराचा फरक राहिला. तेवढ्याच जाडीचं ग्लासवूल स्पष्ट मागे पडलं. ही काही प्रमाणित चाचणी नाही, पण कोरड्या स्थितीत त्यांचा आकडा पोकळ नाही, इतकं यावरून मी छातीठोकपणे सांगते.

म्हणजे सोप्या भाषेत, ही टाइल निम्म्या जाडीत काम करते. आणि इथेच गिऱ्हाइकाने थांबून विचार करायला हवा. विक्रीला येणारा माणूस अख्ख्या भिंती आणि छत मढवायला सांगतो. हिशोब करून बघा. आपली नऊ इंची विटांची भिंत, दोन्हीकडून प्लास्टर, तिचा यू म्हणजे दर चौरस मीटरमधून दर अंशाला जाणारी उष्णता साधारण २च्या वर असते. आतून ही टाइल लावली की ती १च्या आसपास येते. निम्मी. छान. पण तेच काम १९ मिलिमीटर थर्माकोल करतो. दोन्हींवर जिप्सम बोर्ड लावावाच लागतो, चॅनेल तेच, मजुरी तीच. वाचले किती, तर ९ मिलिमीटर. बारा फुटांच्या खोलीत ९ मिलिमीटर कुणाला कळणार आहेत? त्यासाठी चौरस फुटाला २४० रुपये अधिक जीएसटी मोजायचे, जेव्हा थर्माकोल त्याच्या कितीतरी कमी पैशात येतो, हे मी कुठल्याही गिऱ्हाइकाला करू देणार नाही.

गच्चीचं तर त्याहून स्पष्ट आहे. सहा इंची स्लॅबचा यू ३च्या वर असतो. रहिवासी इमारतींसाठी २०१८ साली आलेल्या इको निवास संहितेने छताची मर्यादा १.२ ठेवली आहे. एका टाइलने आपण जेमतेम त्या रेषेवर येतो. ५० मिलिमीटर एक्सपीएस (कडक पॉलिस्टायरीन फोम) शीट स्लॅबच्या वर टाकून त्यावर कोबा केला तर ०.५च्या जवळ जातो, आणि गच्चीवर दोन इंच उंची वाढल्याने कुणाचं काही अडत नाही. त्याच्याही आधी पांढरी चायना मोझॅक किंवा परावर्तक पांढरा रंग. पुण्यातल्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: ऊन स्लॅबमध्ये शिरायच्या आधी परतवा, मग पुढचं बघू.

मग ही टाइल घ्यायची कुठे? जिथे सेंटिमीटरभर जागासुद्धा मिळत नाही तिथे. शनिवार पेठेत एका काकूंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीचं काम आम्ही केलं, ते सविस्तर सांगते, कारण ही वस्तू तिथे शोभली.

खोली पश्चिमेची, जुनी इमारत, एक मोठी खिडकी. खिडकीवर आरसीसी छज्जा, आणि तो आतल्या लिंटेलशी, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या काँक्रीट तुळईशी, एकसंध. छज्जा दुपारपासून तापतो आणि ती उष्णता लिंटेलमधून सरळ खोलीत उतरते. काँक्रीट विटेपेक्षा साधारण दुप्पट उष्णता वाहून नेतं. काकूंच्या घरच्यांनी आधी दुसऱ्या एका कंत्राटदाराकडून भिंतीला थर्माकोल आणि जिप्सम करून घेतलं होतं, नीट केलं होतं, पण लिंटेलचा पट्टा आणि खिडकीच्या तिन्ही कडा उघड्याच सोडल्या होत्या. सोडल्या, कारण तिथे काही बसतच नव्हतं. खिडकीची झडप आत उघडते आणि चौकटीपासून बिजागरीपर्यंत जागा होती १५ मिलिमीटर. काकू म्हणायच्या, "भिंत गार लागते गं, पण खिडकीपाशी खुर्ची ठेवली की डोक्यावर झळ येते." टेम्परेचर गन लावली तर लिंटेलची खालची बाजू दुपारी चारला ३९ अंश दाखवत होती आणि शेजारची मढवलेली भिंत त्याहून बरीच खाली. भिंतीवर खर्च केलेले पैसे त्या कडांतून गळत होते.

तिथे आम्ही टाइल कापून बसवली. तात्यांनी कटरचं नवं पातं घेतलं, पोलादी पट्टी ठेवली, दाब न देता तीन-चार वेळा हलकेच ओढत कापलं. एकाच झटक्यात कापायला गेलं की खालची कड पापुद्र्यासारखी सुटते. हॅक्सॉ अजिबात चालत नाही, दात तंतूंना उचकटतात. मागे पातळ चिकटवणी, पूर्ण पृष्ठभागावर, ठिपके नाहीत, कारण ठिपक्यांच्या मधल्या पोकळीत हवा फिरते. प्रत्येक कापलेल्या कडेला ॲल्युमिनियम फॉइल टेप. सांध्यांवर पुन्हा टेप. वरून पातळ जाळी आणि पुट्टी. सगळं मिळून १३ मिलिमीटर, आणि झडप उघडली. त्यानंतर तशाच तापलेल्या दुपारी त्याच जागी गन ३४च्या खाली आली. काकूंनी खुर्ची पुन्हा खिडकीपाशी ओढली. त्या तिथे बसून पोथी वाचतात.

एक इशारा इथेच देते. एसी नसलेल्या खोलीत इन्सुलेशन दिवसाची झळ अडवतं, पण आत शिरलेली उष्णता रात्री बाहेर जायलाही अडवतं. पुण्यात एप्रिल-मेमध्येही रात्री हवा उतरते, ती आत घ्यायला खिडक्या उघड्या पाहिजेत. काकूंना आम्ही हे समजावून सांगितलं आणि त्या संध्याकाळी सातनंतर खिडकी उघडतात. मच्छरजाळी असेल तर निम्मं काम झालं.

आता पावसाळा, ज्याच्याबद्दल पत्रकात 'सर्व हवामानात टिकाऊ' असं एका ओळीत उरकलं आहे. सेल्युलोज पाणी ओढतो, तो त्याचा स्वभाव आहे. या टाइलवर पाणी झटकणारी प्रक्रिया केलेली आहे. वरच्या बाजूवर पाण्याचा थेंब टाकला तर तो गोल उभा राहतो आणि टाइल कलती केली की घरंगळत जातो. पण कापलेल्या कडेवर तोच थेंब टाकला की तो बघता बघता आत जातो. एक टाइल मी जुलैमध्ये शेडच्या खिडकीत, पावसाचा शिंतोडा येणार नाही अशी, उघडी ठेवली. १०९ ग्रॅमची ती १२२ ग्रॅम झाली. फक्त हवेतला ओलावा पिऊन. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या वीसपटीहून जास्त असल्यामुळे वजन वाढलं की के व्हॅल्यू बिघडलीच. ती टाइल वाळवल्यावर वजन परत आलं, पण एका बाजूने किंचित वाकली ती वाकलीच. दुसरी एक मुद्दाम पाण्यात बुडवून वाळवली, ती आकसून कडक झाली आणि हॉट प्लेटवर तिची मूळची ताकद उरली नाही. सुकवताना ज्या ओढीपासून जाळं वाचवायला एवढा खटाटोप केला, तीच ओढ इथे परत येते. टाइल एकदा चिंब भिजली की संपली.

म्हणून ओल येणाऱ्या भिंतीला ही लावूच नये. आधी गळती बंद करा, एक पावसाळा कोरडा जाऊ द्या. गार पाण्याच्या लाइनींना तर हात जोडून नाही म्हणते. लाइनीत ७ अंशांचं पाणी आणि बाहेर ऑगस्टमधली पुण्याची दमट हवा म्हटल्यावर, टेपमध्ये टाचणीएवढं भोक राहिलं तरी वाफ आत जाऊन तिथे पाणी धरते. तिथे नायट्राइल रबरचा फोमच बरा, त्याची भोकं बंद असतात. आणि स्टीम लाइनला सेल्युलोजवालं काही चालणार नाही, फार तापमानात तो करपतो. त्या कामाला रॉकवूल आहे, जागा अगदीच नसेल तर सिलिकेचं ब्लँकेट आहे.

आग. थर्माकोल वितळतो आणि त्याचे जळते थेंब खाली पडतात, म्हणून घरात तो उघडा ठेवलेला मला सहन होत नाही. टाइलला आम्ही गॅसची टॉर्च लावली. ज्योत समोर असेपर्यंत पृष्ठभाग काळा झाला, थेंब पडले नाहीत, भोक पडलं नाही. मागची बाजू बराच वेळ हाताला सोसवत होती. पण ज्योत काढल्यावर काळ्या भागाच्या कडेला लालसर रेघ हळूहळू सरकत राहिली. धुमसणं म्हणतात ते. काही वेळाने आपोआप विझली आणि मागे सिलिकेचा पांढरा सांगाडा उरला. थर्माकोलपेक्षा हे कितीतरी बरं, पण ग्लासवूलसारखं न जळणारं नक्कीच नाही. स्वयंपाकघरात शेगडीच्या मागे, स्विचबोर्डच्या खोक्यात लावू नये. इतरत्र, जागा असेल तिथे, वरून जिप्सम बोर्ड असावा. जिप्सममध्ये वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं पाणी बांधलेलं असतं, आगीत ते वाफ होऊन वेळ मिळवून देतं. बोरॅक्स किंवा बोरिक ॲसिड घालून धुमसणं कमी करता येतं, बुरशी आणि वाळवीलाही ते आवर घालतं. मी त्यांना सुचवलं आहे, ते पुढच्या बॅचमध्ये करून बघणार आहेत.

पर्यावरणाच्या दाव्याबद्दल थोडं. पत्रकात चिपाडाला 'वाया जाणारा कचरा' म्हटलं आहे. साखर कारखान्यांच्या बॉयलरची लॅगिंग आम्ही करतो. तिथलं चिपाड वाया जात नाही, ते बॉयलरमध्ये जाळून कारखाना वाफ आणि वीज करतो. तुसही बॉयलरला जातो, पण त्याची राख मात्र खरंच डोकेदुखी असते. मावळ-मुळशीकडच्या भाताच्या पट्ट्यात हा प्रश्न जवळून दिसतो. राखेतून भिंतीची सिलिका होत असेल तर ती अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट आहे. तेवढंच सांगावं, चिपाडाला कचरा म्हणू नये.

माल पोचवण्यात त्यांना अजून शिकायचं आहे. पहिली खेप टेम्पोतून आली तेव्हा टाइला नुसत्या पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या रचलेल्या होत्या आणि कोपरे चेपलेले होते. एरोजेलला चेपलेला कोपरा परत फुगत नाही. फोटो पाठवल्यावर त्यांनी कुरकुर न करता बदलून दिल्या, आणि दुसऱ्या खेपेला प्रत्येक दोन टाइलांमध्ये फोमचा कागद होता. फोनवर बोलणारी मुलगी स्वतः रसायनशास्त्र शिकलेली आहे, प्रश्नाला सरळ उत्तर देते, माहीत नसेल तर विचारून सांगते. हे मला आवडलं. जाडी मात्र टाइलगणिक मिलिमीटरभर कमीजास्त आहे, आणि १३ मिलिमीटरमध्ये सगळं बसवायचं असताना तो मिलिमीटर जीव घेतो. तात्या आता आधी सगळ्या टाइला व्हर्नियरने मोजून दोन ढीग करतात.

आणि सांधे. एका फुटाच्या टाइलने चार बाय आठ फुटांचा पट्टा भरायचा तर बत्तीस तुकडे आणि त्यांच्यामधले सगळे सांधे टेपने बुजवायचे. मोठ्या पृष्ठभागावर ही टाइल मला पटत नाही त्याचं हे दुसरं कारण. खिडकीच्या कडा, लिंटेल आणि बीमचे पट्टे, रोलिंग शटरचा वरचा डबा, एसीच्या पाइपने भिंतीत केलेलं भगदाड, लहान इन्सुलेटेड खोकी यांत तुकडा लहानच लागतो, तिथे हीच गोष्ट सोयीची होते. औषधं नेणाऱ्या एका गिऱ्हाइकासाठी आम्ही खोक्याच्या आतून ती लावून दिली, बाहेरचा आकार तोच ठेवून आतली जागा वाढली, आणि त्यांनी लगेच आणखी मागवली.

मी पुढची ऑर्डर दिली आहे, सहकारनगरमधल्या एका बंगल्याच्या पश्चिमेच्या खिडक्यांसाठी. लिहून दिलेल्या अटी अशा: जाडीत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक नको, चारही कडा कारखान्यातूनच फॉइलने बंद करून हव्यात, पाकिटावर बॅच आणि त्या दिवशीचं वजन छापलेलं हवं. वजन आमच्या काट्यावर जास्त भरलं तर माल परत. त्यांनी तिन्ही मान्य केल्या आहेत, लॅबच्या रिपोर्टची तारीख मात्र अजून दिलेली नाही, आणि ती मिळेपर्यंत मी कुणालाही अख्खी भिंत या टाइलने मढवून देणार नाही.